कोळ्याचा तिसरा कौल

१

तिसऱ्या दिवशी सकाळी मातियासने मडक्यावरचे झाकण उचलले, आणि केळीच्या बागेत दाटीवाटीने उभ्या असलेल्या सगळ्या गावाने श्वास रोखला.

पाने खड्याच्या बाजूस होती.

 मातियासने झाकण पुन्हा ठेवले, तो उठून उभा राहिला आणि खाली बघतच म्हणाला, "दोषी."

आमच्याकडे कौल कोळी देतो. जमिनीत बीळ करून राहणारा, मुठीएवढा, केसाळ कोळी. बिळावर बूड काढलेले मडके ठेवतात. आत एका अंगाला काडी, दुसऱ्या अंगाला खडा. बिळाच्या तोंडावर खुणा कापलेली सुकी पाने रचतात आणि प्रश्न विचारून झाकण घालतात. अंधार पडल्यावर कोळी वर येतो, पाने उधळतो. पाने ज्या अंगाला जातात, ते उत्तर. पूर्वजांनी आम्हांस दिलेली ही विद्या आहे, आणि मी आयुष्यभर तिच्यापुढे मस्तक लववले आहे. म्हणूनच त्या दिवसाची हकीकत यथातथ्य सांगणे मला कर्तव्य वाटते.

प्रश्न होता सिलासच्या मृत्यूचा. मक्याची कापणी संपत आली होती. टेकडीवरच्या पांढऱ्या सावरीखाली सिलास उभा असता वीज कोसळली आणि तो सव्वीस वर्षांचा, धडधाकट पुरुष जागच्या जागी गेला. वीज आपण होऊन पडते हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. परंतु ती सिलासवरच का पडली, हे कोणीतरी सांगावे लागते. त्याची पत्नी एस्तेल त्याच झाडाखाली होती. वीज पडण्यापूर्वी काही क्षण ती तेथून दूर सरली. गावाला एवढे पुरेसे झाले.

पहिल्या दोन सकाळी मातियासने झाकण एकट्याने उघडून कौल सांगितला होता. तिसरा सर्वांसमक्ष झाला. तिन्ही एकच.

गावप्रमुखांनी निर्णय दिला. "सूर्य मावळायच्या आत एस्तेलने ओढा ओलांडावा. ती ओलांडेपर्यंत मडक्याला कोणी हात लावू नये. मूल बापाच्या कुळाचं आहे, ते इथंच राहील."

मूल म्हणजे न्याबी, तीन वर्षांची. सभा उठल्यावर एस्तेल कोणाकडेही गेली नाही. ती सरळ आमच्या अंगणात आली, मुलीला कडेवर घेऊन, आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्यासमोर जमिनीवर बसली.

"देगाबाबा," ती म्हणाली, "तुम्ही मातियासचे गुरू. मला वाचवा असं म्हणत नाही. मला हाकलायचं तर हाकला. पण हिला माझ्यापासून तोडू नका. मी ओढा ओलांडला की मरेन. मग उगाच लांब कशाला जायचं? ओढ्यातच बसते."

तिच्या स्वरात धमकी नव्हती.

२

देगाने चाळीस वर्षे कौल लावला होता. मोतीबिंदूने दृष्टी अंधुक झाल्यावर त्याने आपली पाने मातियासच्या हाती दिली. आता तो दिवसभर कोला नावाच्या कडू बीचे सुपारीएवढे तुकडे चघळत बसे आणि कोठे जायचे असल्यास माझ्या खांद्यावर हात ठेवी.

"मेव्हण्या, ऊन किती चढलंय?" त्याने विचारले.

"अजून सावली लांब आहे, दाजी."

"मग रडायला वेळ नाही. ए पोरी, डोळे पूस. त्या दिवशीचं पहिल्यापासून सांग. जे पाहिलंस तेवढंच. जे वाटलं ते नको."

एस्तेल सांगू लागली. दुपारी ती, सिलास आणि न्याबी कॉफीच्या वाफ्यांकडून परतत होती. आभाळ भरून आले. पाऊस सुरू झाला तेव्हा तिघेही सावरीखाली धावली. सिलासला तसेही तेथे जायचेच होते.

"का?" देगाने विचारले.

"कुदळ आणायला. सकाळी झाडाखाली राहिली होती."

"कुणाकडून?"

"घरातल्याच कुणाकडून तरी. मी विचारलं नाही, बाबा. तो म्हणाला, कुदळ घेतो आणि निघू."

"मग तू का सरकलीस?"

 न्याबी तिच्या पदराचे टोक चोखत होती.

"हिची चप्पल पडली होती," ती शेवटी म्हणाली. "वाटेवर. पट्टा तुटलाय, सुतळीनं बांधलाय. धावताना गाठ सुटली. ही रडायला लागली, 'माझी चप्पल, माझी चप्पल.' सिलास म्हणाला, असू दे, पाऊस थांबल्यावर घेऊ. मी म्हटलं, वाहून जाईल. हिला घेऊन मी परत वाटेवर गेले. नऊ पावलं. मी नंतर मोजली. वाकले, चप्पल उचलली, आणि मागं..."

तिने हात कानांवर ठेवले.

"सगळे विचारतात, तुला कसं कळलं. बाबा, मला काहीच कळलं नव्हतं. चप्पल डावीकडं पडली म्हणून मी डावीकडं गेले. ती आत पडली असती तर मी आत असते. मी काय सांगू त्यांना? रात्रंदिवस मी स्वतःला विचारते, मी का सरकले? आता मलाच माझी भीती वाटते. तीनदा कौल आला, बाबा. तीनदा. माझ्याच नकळत माझ्यात काही असेल तर?"

मी देगाकडे पाहिले. तो उठला होता.

"मेव्हण्या, खांदा दे. मडकं बघायचंय."

"प्रमुखांनी हात लावायला मनाई केलीय!"

"मडक्याला. बिळाला नाही."

३

मातियास आपल्या अंगणात मक्याची लापशी पुढे घेऊन बसला होता, पण घास तोंडात जात नव्हता. देगाला पाहताच तो गडबडीने उठला.

"बाबा, तुम्ही? निरोप धाडायचा होतात, मी आलो असतो."

"गुरूच्या पायांत अजून जीव आहे रे. झाकण काढ."

"पण प्रमुख..."

"तू काढ. मी नुसता बसतो."

झाकण निघाले. देगा गुडघ्यांवर टेकला. त्याला मडक्याच्या आत केवळ एक करडा डाग दिसत असणार. तो मला म्हणाला, "तू सांग. पानं कशी पडली आहेत?"

"खड्याकडं," मी म्हणालो. "सगळी."

"ते साऱ्या गावाला माहीत आहे. कशी पडली आहेत? एकावर एक आहेत का?"

मी वाकून पाहिले. "नाही. प्रत्येक पान वेगळं आहे."

"बिळाच्या तोंडावर एखादं राहिलंय?"

"एकही नाही."

"दोन पानांत अंतर किती?"

"साधारण एक बोट. सगळीकडं सारखंच. वाळवण घातल्यासारखं."

 देगाने दोन बोटे बिळाच्या तोंडात हळूच सोडली. मातियास दचकून पुढे झाला, कारण आमचा कोळी चावला तर हात आठ दिवस सुजतो. देगाची बोटे दुसऱ्या पेरापर्यंत गेली आणि थांबली. त्याने हात बाहेर काढला व नखाला चिकटलेला पांढरा धागा मातियासच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे?"

मातियासचा चेहरा राखेसारखा झाला.

"पडदा आहे," देगा म्हणाला. "माती कालवून विणलेला, चांगला जाड. कोळी कात टाकायला बसलाय. असा पडदा एका रात्रीत होत नाही. कमीत कमी आठ दिवस तो वर आलेला नाही. पानं रचण्यापूर्वी बिळात बघायला मी तुला शिकवलं होतं की नव्हतं?"

"शिकवलं होतं, बाबा."

"मग?"

"तिन्ही दिवस ताप होता. वाकवत नव्हतं. वरच्यावर रचली."

देगाने पुन्हा हात आत घातला. या वेळी पानांवर. मनाईची आठवण आता मलाही राहिली नव्हती. एकेका पानाची कापलेली कड तो अंगठ्याने चाचपीत होता आणि ओठांत नावे घेत होता: स्त्री, वाट, खड्डा, कोंबडा, पाऊस, पोर. ती पाने त्यानेच तरुणपणी कापली होती. शेवटचे पान चाचपून तो थांबला, पुन्हा पहिल्यापासून निघाला आणि पुन्हा थांबला.

"कुदळ कुठं आहे?"

"कुदळ?"

"कुदळीच्या खुणेचं पान. यात नाही."

"पहिल्या सायंकाळी होतं," मातियास म्हणाला. "मला पक्कं आठवतं. न बघता मूठभर उचलून रचत गेलो, तर शेवटी तेच हाती आलं. सगळ्यात वर तेच राहिलं. नंतर... नंतर मी लक्ष दिलं नाही. फाटलं असेल."

देगा माझ्या खांद्याच्या आधाराने उठला. ऊन आता डोक्यावर आले होते.

"कोळी बोललाच नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. तिन्ही वेळा पानं माणसाच्या हातानं हलवली. आता कुणाच्या ते शोधायचं, आणि दिवस निम्मा गेलाय."

४

"पण दाजी," वाटेत मी म्हणालो, "तिन्ही कौल जुळले तेव्हाच तुम्हाला संशय आला असेल."

"छे. माझ्या चुलतबहिणीला लागोपाठ पाच मुली झाल्या. कुणी पाठवल्या? जुळायचं तेव्हा जुळतं. जुळण्यावरून काही ठरत नाही." त्याने कोलाचा तुकडा दाढेखाली धरला. "पानं नीट पडली, ते खटकलं. कोळी आंधळ्या बैलासारखा बाहेर येतो. पाच पानं एका ढिगात, दोन उलटी, चार जागच्या जागी. मुठीनं फेकलेल्या बियाण्यासारखं. पण माणसाला सांग, बाबा रे, कसंही टाक. तो अंतर राखून टाकतो! त्याला वाटतं, दोन पानं एकत्र पडली तर कुणी म्हणेल मुद्दाम ठेवली. बेफिकिरी मुद्दाम करता येत नाही, मेव्हण्या. माणसाच्या हाताला ती जमत नाही."

प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, हे आमच्या रीतीप्रमाणे तिघांनाच ठाऊक असते: कौल लावणारा आणि मृताचे दोन निकटचे आप्त. येथे ते तिघे म्हणजे मातियास, सिलासचा धाकटा भाऊ याउबा, आणि सिलासची आई केम्बे. ज्याला शब्द ठाऊक नाहीत त्याला पाने कोणत्या अंगाला न्यावीत हेच कळणार नाही.

याउबा कॉफीच्या वाफ्यात होता. सिलासच्या वाफ्यात.

"भावाला पुरून चार दिवस झाले नाहीत आणि तू त्याची झाडं छाटतोस?" देगाने विचारले.

"फळं काय सुतक पाळतात का?" याउबा ताडकन म्हणाला. "आणि हो, वहिनी गेली की ही झाडं माझी. साऱ्या गावाला माहीत आहे. म्हणून मी वीज पाडली असं म्हणायचं असेल तर म्हणा, देगाबाबा. पण हळू म्हणा, कोळी ऐकेल."

"कोळी झोपलाय. दुसऱ्या कौलाच्या सायंकाळी तू कुठं होतास?"

"शवपेटीच्या फळ्या परत करायला बाजारगावी. जास्तीच्या आल्या होत्या. तिथंच मामाकडं राहिलो. दुपारी आलो तर लोक म्हणाले, दुसराही तसाच आला. विचारा मामाला."

"म्हणजे दुसऱ्या सायंकाळचा प्रश्न तू ऐकला नाहीस."

"त्यात ऐकायचं काय? पहिल्या दिवशी दोषी असेल तर काडी. दुसऱ्या दिवशी उलटायचं, दोषी असेल तर खडा. दुसऱ्या दिवशी उलटतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे." तो एकाएकी कोयता टाकून खाली बसला. त्याचा सारा ताठा गळून पडला. "बाबा, मला ती बाई आवडत नाही. कधीच आवडली नाही. पण पुतणी रात्री 'आई' म्हणून ओरडेल तेव्हा मी काय करू? काही सापडलं असेल तर सांगा. लवकर सांगा."

देगा तेथून तडक वळला. त्याच्या पावलांत मी प्रथमच एवढी घाई पाहत होतो. मातियास अजून मडक्यापाशीच बसला होता.

"एकच विचारतो," देगा म्हणाला. "तापात होतास. दुसऱ्या सायंकाळी प्रश्न उलटलास का?"

मातियासने मान खाली घातली. 

"नाही," तो म्हणाला. "ताप चढला होता. कालचेच शब्द तोंडातून गेले. दोषी असेल तर काडी. सकाळी पानं काडीकडं होती. अर्थ जुळला, म्हणून मी गावाला चूक सांगितली नाही. उलटा प्रश्न मग तिसऱ्या सायंकाळी विचारला. लाज वाटली, बाबा."

"शब्द म्हटलेस तेव्हा जवळ कोण होतं?"

त्याने सांगितले.  नाव ऐकून देगा डोळे मिटून उभा राहिला.

५

केम्बे आपल्या अंगणात मक्याच्या कणसांची मोळी बांधीत होती. तिची बोटे संधिवाताने सुजून आल्याच्या गाठींसारखी झाली होती. ती सुतळी आवळायची, गाठ मारायची, मोळी उचलायची, की गाठ सुटायची. आम्ही दोन वेळा तसे होताना पाहिले. भिंतीवर कोयता होता, पहार होती, दोन विळे होते. एक खुंटी रिकामी होती.

"ये, देगा," ती म्हणाली. "बियर नाही घरात. दुखवट्याला संपली."

"पाणी चालेल."

तिने पाणी दिले. तो प्यायला. एकाच वर्षी जन्मलेली, एकाच पाठशाळेत मार खाल्लेली ती दोघे. त्यांच्यात आडपडदा नव्हता, आणि म्हणूनच पुढचे ऐकणे मला असह्य झाले.

"केम्बे, याउबा दुसऱ्या सायंकाळी गावात नव्हता. पानं त्यानं हलवली असती, तर प्रश्न उलटला असं समजून त्यानं ती खड्याकडं नेली असती. सारं गाव तसंच समजतं. ती काडीकडं होती. म्हणजे हलवणाऱ्यानं मातियासची चूक आपल्या कानांनी ऐकली होती. तिथं दोघंच होते. मातियास आणि तू."

"मग मातियासला विचार."

"मातियासनं हलवली असती तर कोळी हलवतो तशी हलवली असती. तेवढं मी त्याला शिकवलंय. आणि प्रश्न उलटला नाही हे त्यानं मी विचारल्यावर कबूल केलं नसतं. त्याच्याशिवाय ते कोण सांगणार होतं? तू?"

ती मोळीवर बसून राहिली.

"कुदळीचं पान कुठं आहे, केम्बे?"

 मग तिने कमरेच्या फडक्याचे टोक पुढे घेतले. तेथे एक गाठ होती, तीही सैल. तिने ती सोडवली आणि करंगळीएवढे, करपल्यासारखे काळे पान तळहातावर ठेवले.

"पहिल्या पहाटे गेले होते," ती म्हणाली. "मातियास उठायच्या आत. मला धीरच नव्हता, देगा. झाकण काढलं. पानं सगळी होती तशी. एकही हललं नव्हतं. आणि सगळ्यात वर हे. माझ्याकडं बघत होतं."

"ते मातियासच्या हाती शेवटी आलं, म्हणून वर होतं. त्यानं बघितलंही नव्हतं."

"असू दे. मला कळायचं ते कळलं." तिचा आवाज चिरकला. "कुदळ मी विसरले होते. सकाळी मी तिथं निंदायला गेले, बोटं दुखायला लागली, कुदळ झाडाला टेकून ठेवली आणि तशीच आले. मीच त्याला म्हटलं, 'येताना घेऊन ये रे, गंजेल.' गंजेल, देगा! लोखंड गंजेल म्हणून मी..."

देगाने तिचे मनगट धरले.

"मग कुणीतरी दुसरं पाहिजेच ना?" ती म्हणाली. "एस्तेल सरकली होती. का सरकली? तिनं काही केलं असेल, तर मी केलं नाही. मी पानं काडीकडं नेली. हे तेवढं काढून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यावी लागली. तिसऱ्या दिवशी मलाच वाटायला लागलं की खरंच कोळी हलवतोय, मी नुसता हात देते."

"वीज कुणी पाठवली नाही, केम्बे. तीही नाही, तूही नाही. टेकडीवर तीन झाडं आहेत, तिला एकावर पडायचं होतं."

"कुणीच नाही?" ती ओरडली. "मी सव्वीस वर्षं वाढवला तो, आणि कुणीच नाही? तुला बोलायला काय जातं! चोर असेल तर त्याला शिव्या देईन, चेटकीण असेल तर तिच्या दारात थुंकेन. 'कुणीच नाही'च्या दारात मी कुठं जाऊन बसू?"

  देगा म्हणाला, "एकवीस वर्षांपूर्वी माझ्या कौलानं एक बाई त्या ओढ्यापलीकडं गेली. तुला आठवते. त्या दिवशी मी बिळात बोट घातलं नव्हतं. आजही मला माहीत नाही, पडदा होता की नव्हता. हे ओझं तू घेऊ नकोस. फार जड असतं."

तिने पान पुन्हा फडक्यात बांधले आणि तोंड फिरवले.

"मी बोलले तर तेच लोक मला ओढ्यापलीकडं घालवतील."

"कदाचित घालवतील," देगा म्हणाला. तो खोटे बोलला नाही.

आम्ही बाहेर आलो. सावल्या पूर्वेकडे लांबल्या होत्या. ओढ्याच्या दिशेने ढोलाचा पहिला ठोका ऐकू आला.

६

एस्तेल पाण्याच्या काठावर उभी होती. डोक्यावर गाठोडे, पायांत काही नाही. याउबाने न्याबीला उचलून धरले होते आणि ती पोर त्याच्या छातीवर मुठी आपटीत होती. सारे गाव उभे होते. कोणी कोणाकडे पाहत नव्हते.

देगा प्रमुखांसमोर गेला. "कौल रद्द करा. बीळ बंद आहे, आठ दिवसांपासून. कोळी वर आलाच नाही."

"मग पानं?"

"माणसानं हलवली."

"कुणी?"

 मला वाटले, आता नाव येईल. ते आले नाही. देगाच्या कपाळावर घाम होता.

"नाव सांग, देगा," प्रमुख म्हणाले. "नुसतं बीळ बंद म्हणून गाव ऐकायचं नाही. तुझे डोळे गेलेत, आणि ही एस्तेल सकाळी तुझ्याच अंगणात रडत होती. नाव नसेल तर तिला जाऊ दे."

एस्तेलने एक पाऊल पाण्यात टाकले. मग दुसरे. ती चालत नव्हती, खाली जात होती. गुडघे वाकवून, बसायला जावे तशी. तिने सकाळी म्हटलेले शब्द मला आठवले आणि मी ओरडणार होतो. माझ्या ओरडण्याच्या आधी दुसराच आवाज आला.

"थांब!"

गर्दी दुभंगली. केम्बे धापा टाकीत आली आणि तशीच पाण्यात उतरली. तिने सुनेचा दंड धरला व गावाकडे तोंड केले.

"पानं मी हलवली. तिन्ही वेळा. ही काही बोलली नाही, हिनं काही केलं नाही. कुदळ मी विसरले, पोराला मी तिथं धाडलं. कुणाला ओढा ओलांडायला लावायचा असेल तर मी उभीच आहे. माझे पाय भिजलेतच."

 प्रमुख काही बोलणार, तोच देगाने हात वर केला.

"एस्तेल," तो म्हणाला, "पोरीच्या चपलेचा पट्टा कुणी बांधला होता?"

तिला प्रश्न समजायला वेळ लागला. "सासूबाईंनी," ती म्हणाली. "त्याच सकाळी. कॉफीच्या पोत्याच्या सुतळीनं. मी म्हटलं, मी बांधते. त्या म्हणाल्या, माझी नात आहे, मीच बांधणार. पण त्यांची बोटं..." ती थांबली. तिने सासूच्या हातांकडे पाहिले.

"गाठ सैल बसली," देगाने वाक्य पुरे केले. "म्हणून सुटली. म्हणून चप्पल पडली, म्हणून तू नऊ पावलं गेलीस, आणि ती पोर आज तिथं किंचाळते आहे. ऐकलंस, केम्बे? कुदळ तुझी म्हणतेस, तर गाठही तुझीच. तुझ्याच हाताची, त्याच सकाळची. हिशेबात घ्यायची तर दोन्ही घे. नाहीतर दोन्ही सोड. एक घेऊन एक सोडता येणार नाही."

केम्बे आपल्या बोटांकडे पाहत राहिली. जणू ती कोणा परक्याची होती.

प्रमुख वृद्ध होते. त्यांनी ढोलकऱ्याकडे पाहून मान हलवली आणि ढोल थांबला. त्यांनी कोणताही निर्णय उच्चारला नाही. ते वळले आणि घरी चालू लागले. आमच्याकडे तोही एक निर्णयच असतो. मग एकेक करून लोकही निघाले. मातियास सर्वांच्या शेवटी गेला. जाता जाता त्याने देगाच्या पायांना हात लावला आणि पानांची थैली त्याच्यापुढे ठेवली. देगाने ती उचलून त्याच्याच गळ्यात परत घातली.

"पुढच्या वेळी आधी वाकून बघ," तो म्हणाला. "आणि पडदा असेल तर गावाला सांग की कोळी गप्प आहे. तेही सांगता आलं पाहिजे."

याउबाने न्याबीला खाली ठेवले. ती धावत पाण्यापर्यंत आली आणि काठावर तिची चप्पल पुन्हा निघाली. ती तेथेच बसकण मारून रडू लागली.

दोन्ही स्त्रिया पाण्याबाहेर आल्या. एस्तेल खाली वाकणार होती, परंतु केम्बेने तिला हाताने मागे सारले. तिने कमरेच्या फडक्यातून ते काळे पान काढले, पाण्यात सोडले, आणि ते कोठे जाते हे न पाहताच ओल्या मातीत गुडघे टेकले. मग नातीचा पाय मांडीवर घेतला. सुतळीचे दोन पदर तिच्या बोटांत पुन्हा पुन्हा निसटत होते. तिने एक गाठ मारली, मग तीवर दुसरी.

गाठ सैलच बसली. ती सर्वांना दिसत होती. एस्तेलने ती तशीच राहू दिली.